हुकूमशहा कुणाच्या खांद्यावर चढतो?

हुकूमशहाची हकीकत सांगणारे ग्रंथ बहुधा त्याच्या भाषणांनी, मिरवणुकांनी आणि जयघोषांनी भरलेले असतात. ह्या सगळ्या गोंगाटात एक साधा प्रश्न मागे राहून जातो. ज्या खांद्यांवर पाय देऊन तो सत्तेपर्यंत चढला, ते खांदे कुणाचे होते, आणि ते वाकले का? जर्मन कादंबरीकार हान्स फालाडा यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याची प्रतिज्ञा केलेली नाही. तरीही १९३२ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीत ते उत्तर विखुरलेले सापडते. मराठीत तिचे नाव ‘लहान माणसा, आता काय?’ असे होईल. आम्ही ती इंग्रजी भाषांतरातून वाचली. ती प्रसिद्ध झाल्यावर अवघ्या सात-आठ महिन्यांत हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला, हे ध्यानात ठेवून ती वाचावी अशी आमची वाचकांस विनंती आहे. कारण ज्या वादळाचे नाव लेखकासही नीटसे ठाऊक नव्हते, त्याची हवा तिच्या पानापानांतून वाहते आहे.

कथानक अगदी साधे आहे. योहान्नेस पिन्नेबेर्ग हा एका लहान गावात धान्याच्या व्यापाऱ्याकडे कारकून आहे. एम्मा नावाच्या कामगाराच्या मुलीशी तो लग्न करतो. तिला तो लाडाने ‘कोकरू’ म्हणतो. मालकाला आपली मुलगी त्याच्या गळ्यात बांधावयाची असल्यामुळे हे लग्न त्याला चोरून ठेवावे लागते. आणि ते उघड होताच नोकरी जाते. मग बर्लिन येते, मांडेल यांच्या प्रचंड दुकानात पुरुषांचे कपडे विकण्याची नोकरी मिळते आणि मूल जन्मास येते. पुढे दुकानात प्रत्येक विक्रेत्यावर विक्रीचा कोटा बसतो, तो पुरा करता करता पिन्नेबेर्ग मेटाकुटीस येतो आणि अखेर तीही नोकरी सुटते. शेवटी हे कुटुंब शहराबाहेरच्या एका बागेतील झोपडीत राहते. बायको लोकांचे शिवणटिपण करून चार पैसे मिळविते; नवरा घर आणि मूल सांभाळतो.

दारिद्र्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. परंतु दारिद्र्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाची भीती फालाडांइतकी बारकाईने फार थोड्यांनी लिहिली असेल. एम्मा महिन्याचे अंदाजपत्रक मांडते, ते आकड्यांसह वाचकापुढे येते. लोणी किती, कोळसा किती, भाडे किती, हे वाचताना आपण कथा वाचत नसून शेजारच्या घरातील जमाखर्चाची वही चाळत आहोत असे वाटते. बायकोच्या हौसेसाठी पिन्नेबेर्ग ऐपतीबाहेर जाऊन एक शृंगारमेज विकत आणतो, तेव्हा आनंद आणि धास्ती ह्या दोन्ही भावना एकाच वाक्यात नांदतात. पिन्नेबेर्ग भुकेने मरत नाही. आपण कॉलर लावणाऱ्या पांढरपेशांतून खाली घसरू ह्या धास्तीने तो रोज थोडा थोडा मरतो.

ही धास्ती कल्पनेतील नव्हती. १९२३ च्या चलनफुगवट्यात एका डॉलरचा भाव ४.२ लाख कोटी मार्कांपर्यंत गेला होता आणि मध्यमवर्गाची आयुष्यभराची शिल्लक मातीमोल झाली होती. त्यातून सावरते न सावरते तोच १९२९ ची मंदी आली. १९३२ च्या आरंभी नोंदलेल्या बेकारांची संख्या साठ लाखांच्या वर गेली. ब्र्यूनिंग सरकार वटहुकमामागून वटहुकूम काढून पगार कापीत होते. मे १९२८ मध्ये ज्या नाझी पक्षास केवळ २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या होत्या, त्यास सप्टेंबर १९३० मध्ये १०७ आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के मतांसह २३० जागा मिळाल्या.

म्हणून गरिबीतूनच हुकूमशहा जन्मतो, असे सूत्र मांडण्याचा मोह होतो. आम्हांस ते मान्य नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतही कामकऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा बेकार होता. त्या देशाने रूझवेल्ट निवडले आणि आपली निवडणूकपद्धती शाबूत राखली. खुद्द जर्मनीत बेकार कामगारांचा ओढा नाझींपेक्षा कम्युनिस्टांकडे अधिक होता. नाझींचा पाया रुंद केला तो लहान दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी आणि कारकुनांनी, म्हणजे जे अजून पुरते पडले नव्हते पण पडण्याच्या भीतीने कासावीस झाले होते त्यांनी. हलाखी माणसाला अस्वस्थ करते. पण त्याच्या रागाला पत्ता लागतो तो पूर्वग्रहाचा.

हा पत्ता किती चुकीचा असतो हे कादंबरीने नकळत दाखविले आहे. कोट्याची पद्धत आणतो तो काटकसर आणि कार्यक्षमता यांचा तज्ज्ञ म्हणून नेमलेला श्पानफूस नावाचा गृहस्थ. धंदा मंदीत आहे, तेव्हा नोकरांना पिळून हिशेब जुळवावयाचा, एवढे एकच गणित त्याला येते. पिन्नेबेर्गची नोकरी जाते ती एका नामांकित नटामुळे. महिनाअखेरीस कोटा भरावा म्हणून पिन्नेबेर्ग त्याला खरेदीसाठी काकुळतीने विनवितो आणि तो तक्रार करतो. ह्या साखळीत कोठेही एखाद्या धर्माचा वा वंशाचा दोष दिसत नाही. परंतु नाझी पक्षाच्या १९२० च्या कार्यक्रमात मोठी दुकाने ताब्यात घेऊन ती लहान व्यापाऱ्यांस स्वस्त भाड्याने द्यावीत असे कलमच होते. आणि ही दुकाने ज्यूंची, म्हणून तुमचे दैन्य ज्यूंमुळे, असे गल्लोगल्ली सांगण्यात येत होते. लोकसंख्येत ज्यूंचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. पण पूर्वग्रहाला शिरगणती लागत नाही. त्याला एक चेहरा पुरतो.

ह्या दृष्टीने कादंबरीतील दोन लहान पात्रे आम्हांस मुख्य पात्रांइतकीच महत्त्वाची वाटतात. एक आहे लाउटरबाख, पिन्नेबेर्गचा गावातील सहकारी. तो नाझी झाला तो सिद्धांत पटला म्हणून नव्हे, तर गावात करमत नाही म्हणून. मारामारीत त्याला जीवनाचे सार्थक वाटते. ज्या स्वस्तिकाने आपल्या देवळांचे उंबरठे आणि आपल्या वह्यांची पहिली पाने मंगल होतात, त्याच आकाराचे चिन्ह अशा रिकामटेकड्या हातांत काय होऊन बसले, हे वाचताना आपल्यासारख्या वाचकाच्या मनाला विशेष यातना होतात. चिन्ह स्वतः कुणाचे रक्षण करीत नाही. ते धारण करणाऱ्याच्या शीलावर त्याचे मांगल्य अवलंबून असते.

दुसरे पात्र फ्राउ नोथनागेल ह्या ज्यू बाईचे. ती दारोदार साबण वगैरे विकते. ती पिन्नेबेर्गजवळ मन मोकळे करते की ज्यांना ज्यू नकोत त्यांनी आपल्या दारावर तशी पाटी लावावी, म्हणजे आपण त्या दारी जाणार नाही. अचानक अंगावर येणारी शिवी तरी चुकेल. ही मागणी ती तक्रारीच्या सुरात नव्हे, तर धंद्यातील एक सोय सुचवावी तशी करते. एखाद्या मनुष्यास अपमानाची इतकी सवय व्हावी की त्याने फक्त पूर्वसूचना मागावी, याहून भयंकर चित्र आम्ही क्वचितच वाचले आहे. पुढे १ एप्रिल १९३३ रोजी पाट्या खरोखरच लागल्या. पण द्वेष करणाऱ्यांच्या दारांवर नव्हे, ज्यूंच्या दुकानांवर, आणि दाराशी गणवेशातील पहारा होता.

आता ह्या कादंबरीचे वैगुण्य सांगितले पाहिजे. गावातील तिघा कारकुनांनी एकमेकांस वचन दिलेले असते की एकाला काढले तर तिघांनीही नोकरी सोडावयाची. ऐन वेळी ते वचन विरून जाते. लेखक हा प्रसंग हसत हसत सांगून पुढे जातो. आमच्या मते कादंबरीचे मर्म येथेच होते. जो एकटा पडला त्याचीच भीती हुकूमशहाच्या कामी येते. शेवटच्या प्रकरणात पिन्नेबेर्ग बर्लिनच्या झगमगत्या रस्त्यावर दुकानाच्या काचेत आपले प्रतिबिंब पाहतो, गळ्यातील कॉलर काढून खिशात घालतो, आणि पोलीस त्याला भिकाऱ्यासारखा पदपथावरून खाली लोटतो. तो घरी येऊन अंधारात झुडपांत लपून राहतो; पत्नी त्याला शोधून काढते आणि जवळ घेते. प्रेमाची ही ऊब खरी आहे, आणि एम्मासारखी स्त्री साहित्यात विरळा. परंतु कुटुंबाने दार लावून घेतले म्हणजे रस्ता सुरक्षित होतो असे नाही. सगळी भली माणसे झोपडीत शिरल्यावर रस्ता उरतो तो लाउटरबाखसाठी.

ह्या वैगुण्याची किंमत पुढे ह्या पुस्तकालाच द्यावी लागली. फालाडा देश सोडून गेले नाहीत. १९३३ मध्ये त्यांना काही दिवस अटकही झाली. नाझी राजवटीतील आवृत्तीत लाउटरबाखच्या अंगावरील नाझी गणवेश काढण्यात आला आणि तो फुटबॉलचा दांडगा खेळाडू झाला! दंगेखोर तोच, ठोसे तेच. फक्त त्यांचे कारण पुसले गेले. हुकूमशाहीत वाङ्मयाचे काय होते हे सांगणारा याहून बोलका पाठभेद आम्हांस ठाऊक नाही. १९३२ मध्ये छापण्यापूर्वीच गाळलेला मजकूर भरून मूळ हस्तलिखितावरून अखंड आवृत्ती निघाली ती २०१६ साली.

एक गोष्ट मात्र कादंबरीच्या चौकटीबाहेर राहते, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींच्या जागा २३० वरून १९६ वर उतरल्या होत्या. लाट ओसरू लागली होती. तरीही ३० जानेवारी १९३३ रोजी अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमले, कारण फॉन पापेन प्रभृती प्रतिष्ठितांना हा मनुष्य आपल्या मुठीत राहील असे वाटले. २३ मार्चला सर्वाधिकार देणारा कायदा संमत झाला आणि मूठ कुणाची होती ते कळून आले. लहान माणसाने खांदा दिला हे खरे. दार आतून उघडले ते थोरांनी.

गोमंतकातील वाचकांस हा विषय परका वाटू नये. पोर्तुगालची तिजोरी डबघाईस आली, तेव्हा १९२८ साली सालाझार नावाचे प्राध्यापक हिशेब सावरण्यासाठी अर्थमंत्री झाले. १९३२ मध्ये ते पंतप्रधान झाले. त्यांचा मार्ग हिटलरच्या मार्गाहून निराळा होता आणि दोन्ही राजवटी एका तागडीत घालणे बरोबर नाही. परंतु १९३० च्या वसाहतविषयक कायद्यात वसाहतींतील जनतेस सुसंस्कृत करण्याचे ऐतिहासिक कार्य पोर्तुगालचे आहे असे जे लिहिले गेले, त्यात जमाखर्च जुळविणाऱ्या हाताजवळच पूर्वग्रहाची लेखणी होती. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोमंतकाने तिची अक्षरे गिरविली.

फालाडांनी प्रश्न विचारला, ‘आता काय?’ त्यांचे उत्तर घराच्या उंबरठ्याशी थांबले. तरी प्रश्न इतक्या प्रामाणिकपणे विचारल्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. देवळाच्या सभामंडपात, बाजारात, कचेरीत जेव्हा कुणी आपल्या हलाखीचे कारण म्हणून शेजाऱ्याकडे बोट दाखवील, तेव्हा त्या बोटाकडे पाहण्याआधी आपण जमाखर्चाची वही उघडावी, आणि ज्याच्याकडे बोट दाखविले जात आहे त्याच्या शेजारी जाऊन उभे राहावे. पिन्नेबेर्गच्या सोबत्यांनी एवढेच करावयाचे होते. ते त्यांनी केले नाही.