पुठ्ठ्याच्या खिडकीतले नाणे

शंभर रुपयांचेही नाणे असते, हे अजून पुष्कळांना खरे वाटत नाही. तळहातावर ठेवले की हात किंचित खाली जातो आणि मगच विश्वास बसतो. इंदिरा गांधींच्या स्मरणार्थ 1985 मध्ये निघालेले हे नाणे 44 मिलिमीटर व्यासाचे, 35 ग्रॅम वजनाचे आणि निम्मे चांदीचे. आपल्या आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, तसे तीन रुपये एकत्र केले की या एका नाण्याचा भार भरतो. त्याचे पाच रुपयांचे धाकटे भावंड आपल्या खिशांतून नि वाण्याच्या गल्ल्यांतून हिंडून गुळगुळीत झाले. हे थोरले मात्र बाजारात कधी उतरलेच नाही, आणि म्हणून केसांच्या वळणांवर, गालाच्या उंचवट्यावर टाकसाळीतून निघतानाचे तेज अजून तसेच आहे. पण आज आपण नाण्यापेक्षा त्याच्या घराकडे पाहू. ते घर पुठ्ठ्याचे आहे.

मधोमध दुमडणारा एक पांढरा पुठ्ठा, दोन्ही भागांना समोरासमोर गोल खिडक्या, आतून ताणून बसवलेला पारदर्शक पापुद्रा. नाणे मध्ये ठेवायचे, पुठ्ठा मिटायचा, कडेने स्टेपलरच्या टाचण्या मारायच्या, इतकेच. संग्राहक याला नुसते ‘होल्डर’ म्हणतात. मखमलीच्या डबीत नाणे एका कुशीवर निजते आणि आपल्याला एकच मुख दाखवते. इथे ते दोन खिडक्यांच्या मध्ये उभे राहते, आणि नुसते मनगट वळवले की चेहऱ्यामागून अशोकस्तंभाचे सिंह समोर येतात. बोट धातूला कुठेच लागत नाही. दर्शन पुरते आणि स्पर्श शून्य, असा हा संयम मला फार देखणा वाटतो.

त्या पापुद्र्याला जरा नखाने वाजवून पाहा. तो कुरकुरतो, चुरचुरतो, आणि ते चांगले लक्षण आहे. तो पॉलिएस्टरचा, ज्याला मायलार म्हणतात त्याचा असतो. स्वभावाने ताठर, पण आतून काही पाझरू न देणारा. याउलट काही पाकिटे पीव्हीसीची असतात, हाताला मऊ, लोण्यासारखी. ती मऊ राहावीत म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये कालांतराने बाहेर येतात, प्लास्टिकचे विघटन होऊ लागले की आम्ल सुटते, आणि एके दिवशी नाण्यावर हिरवट, चिकट साय धरलेली दिसते. गोडबोल्या माणसाविषयी आपली जुनी माणसे जे सांगत, ते प्लास्टिकलाही लागू पडते म्हणायचे!

आता समास. वहीच्या पानाला असतो तसाच पुठ्ठ्यालाही समास असतो, आणि मोठ्या नाण्याच्या बाबतीत सारे सौंदर्य आणि सारी सुरक्षा त्या रिकाम्या पट्टीतच साठलेली असते. नेहमीचा होल्डर दोन इंची, म्हणजे 50.8 मिलिमीटरचा. राणीछाप रुपया त्यात ऐसपैस मावतो. आपले 44 मिलिमीटरचे नाणे ठेवले तर मात्र चहूबाजूंना जेमतेम 3.4 मिलिमीटर उरतात. टाचणी कुठे मारायची? मी एकदा मारली होती, अट्टहासाने. तिचा पाय आत वळला आणि नाण्याच्या काठावर केसाएवढा ओरखडा उमटला, तो आजही तिरप्या उजेडात मला हसतो. अडीच इंची, म्हणजे 63.5 मिलिमीटरचा होल्डर घेतला की तेच नाणे मध्यभागी शांत बसते, भोवती पावणेदहा मिलिमीटरांची पांढरी मोकळीक घेऊन. टाचणी दूर राहते आणि दृष्टीलाही श्वास मिळतो. खिडकीचे माप पाहावे लागते ते वेगळेच: नाण्याहून लहान खिडकी काठ झाकते, फार मोठी असली की नाणे आत सरकत राहते.

टाचण्या मारून झाल्या की त्यांचे वळलेले पाय पकडीने हलके दाबून सपाट करावेत. नाहीतर पेटीत शेजारच्या होल्डरच्या पापुद्र्याला त्या भोके पाडतात. नाणे पुन्हा बाहेर काढायचे झाले तर आधी सगळ्या टाचण्या पुऱ्या उपटाव्या. अर्धवट उघडलेल्या पुठ्ठ्यातून नाणे ओढणे म्हणजे काटेरी कुंपणातून पैठणी ओढणे.

या समासात आपण लिहूही शकतो. मूल्य, वर्ष, वजन, कोणाकडून आले ते, आणि टाकसाळीची खूण. मुंबईची असेल तर तो इवलासा हिरा. हे सारे नाणे आत ठेवण्याआधी लिहायचे, म्हणजे लेखणीचा दाब चेहऱ्यावर पडत नाही. खिडकीच्या कापलेल्या कडेला कागदाचे बारीक तंतू असतात, ते रबरी फुग्याच्या वाऱ्याने उडवावेत. तोंडाने फुंकर घालू नये, नाण्यावर वाकून बोलूही नये. थुंकीचा अदृश्य कण काही महिन्यांनी डाग होऊन प्रकटतो.

तरीही हे घर हवाबंद नाही, हे मान्य करायला हवे. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात टाचण्या गंजतात, म्हणून होल्डर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि डब्याला रबरबँड कधी लावू नये, कारण रबरातले गंधक चांदीला काळे करते. इतके करूनही वर्षांमागून वर्षे हवा आत झिरपते, आणि चांदी काठाकडून आत अशी हळूहळू सोनेरी, मग तपकिरी, मग क्वचित निळसर होत जाते. हा दोष आहे की साज, यावर संग्राहकांचे एकमत होणार नाही. मी साज म्हणणाऱ्यांतला. दर दिवाळीला चिंच लावून, रांगोळीने घासून लक्ष्मीपूजनाला मांडलेल्या रुपयांचा लखलखाट वेगळा, तो भक्तीचा. त्याला नावे ठेवण्याचे धारिष्ट्य माझ्यात नाही. पण या थोरल्या नाण्याला चिंच लावू नका.

आणि दुकानात गेलात तर दुकानदार सवयीने दोन इंचीच पुढे करील. मोजपट्टी सोबत न्या, आणि अडीच इंची मागून घ्या.