देव सोडणारे आणि घर सांभाळणाऱ्या

दिवाळी अंकांतल्या कथांमध्ये एक प्रसंग ठरलेला असतो. मुलगा शहरात शिकून घरी येतो आणि श्राद्धाला बसणार नाही असे सांगतो. वडील भरल्या ताटावरून उठतात. मग दोन पाने बापलेकांचा वाद चालतो. मुलाच्या तोंडी विज्ञान असते, वडिलांच्या तोंडी कुळाचार. आई दाराआड उभी राहून पदराने डोळे पुसते. शेवटी वडील अंथरूण धरतात किंवा मुलगा परतीच्या गाडीत बसतो, आणि कथा संपते.

यातला वाद मला खोटा वाटत नाही. असे वाद घरोघर होतात, आणि व्हावेत. माझी तक्रार दाराआडच्या त्या बाईविषयी आहे. ज्या कुळाचारावरून एवढी हमरीतुमरी चालली आहे, तो सारा तिच्याच हातांनी चाललेला असतो. पुरण ती वाटते, सोवळ्याचे पाणी ती भरते, उपास ती करते. मुलाने देव नाकारला तर पंगतीत एक पाट रिकामा राहतो, एवढेच. तिचा मात्र दिवसच्या दिवस त्या देवाभोवती बांधलेला असतो. आणि लेखक तिला डोळे पुसण्यापलीकडे काही काम देत नाही!

ही तक्रार मनात धरून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावीत. 1934 पासून भागाभागांनी निघालेले हे आत्मचरित्र आपल्याकडे लोकप्रिय झाले ते मुख्यतः त्यातल्या विनोदामुळे. तापट, उदार आणि व्यवहारशून्य अशा टिळकांच्या गमती वाचताना हसू आवरत नाही, हे खरेच. पण हसण्याच्या नादात आपण त्यातला एक धागा सोडून देतो.

लक्ष्मीबाई आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या, जलालपूरच्या गोखल्यांच्या. 1857 च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळे शिरले, आणि ते इतके की बाहेरून आलेले धान्यधुन्य धुतल्याशिवाय घरात येईना. धुणार कोण? अर्थात घरातल्या बायका. या मुलीने जे ‘परंपरागत’ सोवळे लहानपणी पाहिले, ते अशा रीतीने एका पिढीचेसुद्धा जुने नव्हते. एका घाबरलेल्या माणसाचे भय घराचा नियम होऊन बसले होते. लक्ष्मीबाई यावर व्याख्यान देत नाहीत. त्या फक्त पाणी, कपडे आणि धान्य यांची हकीगत सांगतात, आणि वाचणाऱ्याला आपल्या घरातल्या एखाद्या नियमाचे जन्मवर्ष शोधावेसे वाटू लागते.

पुढे लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. टिळक कवी, आणि स्वभावाने शोधक. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल दिले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याच वर्षी जूनमध्ये आगरकर वारले. परंपरेला प्रश्न विचारणाऱ्या पिढीचा तो ऐन काळ होता. टिळकांनी मोठी किंमत मोजली यात शंका नाही. पण त्या घरातल्या विशीतल्या बाईला, पदरी लहान मूल असताना, या निर्णयाचा अर्थ काय झाला? जवळजवळ पाच वर्षे नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने, लोकांची बोलणी खात काढायची. प्रश्न त्यांचा होता, भोग हिचा. आपल्या कथांतली आई जेथे डोळे पुसत थांबते, तेथून ‘स्मृतिचित्रे’ खऱ्या अर्थाने सुरू होतात.

लक्ष्मीबाई नुसत्या मागे राहिल्या नाहीत. त्या पुन्हा टिळकांकडे गेल्या तेव्हाही त्यांचे सोवळे आणि त्यांची चूल वेगळी होती. मग एका रात्री त्या स्वतःशीच विचार करू लागतात: ही जात देवाने केली की माणसाने? आणि माणसानेच केली, असा निकाल देऊन मोकळ्या होतात. ख्रिस्ती त्या 1900 साली झाल्या. हा निकाल त्याआधीचा आहे, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी हातातले पाणी बदलले, देव मागाहून. टिळक ग्रंथ वाचून बदलले. लक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून बदलल्या, आणि त्याही नवऱ्याच्या आज्ञेने नव्हे.

याच्या शेजारी वामन मल्हार जोशी यांची ‘सुशीलेचा देव’ ही 1930 ची कादंबरी ठेवून पाहावी. देवाविषयीचे प्रश्न त्यांनी एका स्त्रीला पडू दिले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. सुशीलेची देवाची कल्पना वयाबरोबर बदलत जाते, आणि ते बदल मोठ्या प्रामाणिकपणे मांडले आहेत. तरी पुस्तक मिटल्यावर मला तिचे विचार आठवतात, तिचे स्वयंपाकघर आठवत नाही. तत्त्वचिंतक कादंबरीकाराची ही मर्यादाच म्हणावी लागेल.

दुसरे पुस्तक धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’, 1924 चे. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण 1899 मध्ये बुद्धाच्या धर्माचा शोध घेण्यासाठी घर सोडून निघाला आणि नेपाळ, सिंहलद्वीप असा हिंडला. इतक्या साध्या भाषेत एवढे कष्ट सांगणारे आत्मचरित्र मराठीत विरळाच. ते वाचताना आदर वाटतो, आणि एक रुखरुखही लागते. घरी बाळाबाई होत्या, तान्ही मुलगी होती. त्या वर्षांचे बाळाबाईंचे पुस्तक आपल्याजवळ नाही. टिळक आणि कोसंबी यांच्या प्रश्नांत मोठेपणाचे अंतर नसेल. पण एका घराची गोष्ट आपल्याला दोन्ही बाजूंनी कळते, दुसऱ्याची एकाच.

अलीकडच्या लेखकांत हे भान कोणी दाखवले असेल तर ते महेश एलकुंचवारांनी, ‘वाडा चिरेबंदी’ या 1985 च्या नाटकात. वऱ्हाडातल्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारले आहेत, आणि तेराव्याचा खर्च कशातून करायचा हा पेच आहे. मुंबईहून आलेला सुधीर या खर्चाविषयी शंका काढतो. त्याची शंका रास्तच आहे. पण तो मुंबईला परत जाणार आहे. आई, शिकायचे राहून गेलेली प्रभा आणि राब राब राबणारा चंदू तेथेच राहणार आहेत. एलकुंचवार कोणालाच वादात जिंकू देत नाहीत, म्हणून ते घर खरे वाटते.

हे सारे ब्राह्मण घरांचे झाले, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. आमच्या सुरगाण्याकडे कोकणा, वारली, महादेव कोळी यांची वस्ती. दिवाळी येथे वाघबारशीने सुरू होते. शिवेवरच्या वाघदेवाची पूजा होते, त्याने गुरे राखावीत म्हणून. आता वर्गातली पोरे विचारतात, “गुरुजी, वाघ राहिला नाही, मग वाघदेव कशाला?” (बिबट्या अधूनमधून या प्रश्नाचे परस्पर उत्तर देऊन जातो, ते सोडा.) मला हा प्रश्न आवडतो. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायांखाली घालून, कोणता देव कोठे आणि का उभा आहे, हेच तर विचारले. ‘मिथ अँड रिॲलिटी’ हे त्यांचे पुस्तक 1962 चे. देवाला हसण्याआधी त्याचा पत्ता विचारावा, ही त्यांची रीत शिक्षकाला फार उपयोगी पडते.

पण येथल्या मुलामुलींच्या तोंडचा हा प्रश्न घेऊन कोणी कादंबरी लिहायला बसले, तर पुन्हा बापलेकांचाच वाद रंगेल अशी मला धास्ती आहे. आठवीतल्या एका मुलीने ‘माझा आवडता सण’ या निबंधात वाघबारस लिहिली होती. वाघदेवाला चार ओळी. बाकी सारे आईविषयी: आदल्या दिवशी किती नागली दळली, पाणी किती हेलपाट्यांनी आणले, सगळे जेवून उठल्यावर ती कधी जेवली. निबंधाला शब्दमर्यादा दीडशेची होती. तिने ती पाळलेली नाही.