अग्निज खडकांची ओळख : पाठ्यलेखनाची परिभाषा आणि हुपरीचा भूभाग

महाविद्यालयीन भूगोलाच्या मराठी पाठ्यलेखनात खडकांचे प्रकरण बहुधा व्याख्येने सुरू होते आणि वर्गीकरणाच्या तक्त्यावर थांबते. भूपृष्ठावर थिजलेला खडक सूक्ष्मकणी, भूगर्भात थिजलेला स्थूलकणी. पहिल्याचे उदाहरण बेसाल्ट, दुसऱ्याचे ग्रॅनाइट. हा तक्ता चुकीचा नाही. तथापि हातकणंगले तालुक्यातील हुपरीसारख्या गावी, जेथे विहीर खणताना काळी माती, मुरूम आणि कातळ या क्रमाने दक्षिण ट्रॅपचाच छेद उघडा पडतो, तेथे तो कितपत पुरा पडतो हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम परिभाषा. मराठी विश्वकोशाने रूढ केलेली ‘अग्निज’ ही संज्ञा लॅटिन मूळ शब्दाशी प्रामाणिक आहे. परंतु ती ज्वलनाचा आभास निर्माण करते. या खडकांच्या निर्मितीत काहीही जळत नाही. जे वितळलेले असते ते गोठते, एवढेच. याउलट ‘शिलारस’ हा शब्द प्रक्रियेचे नेमके चित्र उभे करतो. पाठ्यलेखनाने विवेचनाचा भार ‘अग्नी’वर न ठेवता ‘रसा’वर ठेवला असता, तर अर्धा गोंधळ टळला असता.

चांदीकामासाठी ख्यात असलेल्या हुपरीत हा रस प्रत्यक्ष दाखविता येतो. मुशीतील चांदी थंड साच्यात ओतली की साच्याला भिडलेला थर तत्काळ थिजतो व त्याचे कण बारीक राहतात. आतील भागास अधिक अवधी मिळतो. कणांचा आकार थंड होण्याच्या वेगावर अवलंबून असतो, हे तत्त्व येथे सहज उलगडते. मात्र दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. शुद्ध चांदी सुमारे ९६२° से. या एकाच तापमानास गोठते. बेसाल्टचा शिलारस हे अनेक घटकांचे मिश्रण असल्याने पायरोक्सीन, फेल्स्पार इत्यादी खनिजे सुमारे १२००° ते १०००° से. या पट्ट्यात टप्प्याटप्प्याने स्फटिकरूप घेतात.

तक्त्यातील खरी उणीव पुढेच आहे. ‘बाहेर’ आणि ‘आत’ हे दोनच कप्पे मानल्यामुळे एका लाव्हाप्रवाहातील फरक त्यात मावत नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या या प्रवाहांपैकी अनेकांचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट वा गारगोटी साचते. त्याच प्रवाहाचा मधला भाग घट्ट व किंचित जाड कणांचा असतो. उलटपक्षी, भेगांत घुसलेल्या अरुंद भित्ती भूपृष्ठाखाली थिजूनही सूक्ष्मकणी राहतात. विद्यार्थ्याने एकाच विहिरीतून आणलेले दोन दगड तक्त्यानुसार एकच नाव धारण करतात आणि दिसतात मात्र वेगळे. यात दोष विद्यार्थ्याच्या निरीक्षणाचा नव्हे.

रंगावरून ओळख पटविण्याची सवय तर अधिकच घातक. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड पुष्कळदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. पन्हाळ्याचा जांभा सच्छिद्र दिसतो म्हणून लाव्हा ठरविला जातो. वस्तुतः तो बेसाल्टच्या दीर्घकालीन रासायनिक विदारणातून शिल्लक राहिलेला, लोह व ॲल्युमिनियमयुक्त अवशेष होय. सर्वांत बोलके उदाहरण सराफी पेढीवरील कसोटीचे आहे. काळी, गुळगुळीत, घट्ट अशी ही शिळा प्रथमदर्शनी बेसाल्टच वाटते; परंतु पारंपरिक कसोटी बहुधा सिलिकामय गाळाच्या खडकाची असते, आणि म्हणूनच धातूची रेघ तपासताना लावलेल्या आम्लाला ती दाद देत नाही. भिंगाखाली ताज्या फुटीवर फेल्स्पारच्या चकाकणाऱ्या बारीक काड्या दिसल्या आणि उघड्या राहिलेल्या पृष्ठावर तपकिरी साल आढळली, तर तो बेसाल्ट मानण्यास आधार मिळतो. कसोटीवर यांपैकी काहीही आढळत नाही. हा तपास करण्यास दहा मिनिटे आणि एक हातोडी पुरते. अर्थात हातोडी सराफाच्या कसोटीवर चालवावयाची नाही.