नायट्रोजनचा अपुरा धडा

नायट्रोजनविषयी आपण वर्गात दोन गोष्टी ठामपणे सांगतो. हवेत तो ७८ टक्के असतो आणि तो सहजासहजी कोणाशी संयोग पावत नाही. दोन्ही खऱ्या आहेत; पण त्यांवरून विद्यार्थी तिसरी गोष्ट स्वतःच काढतो, की या वायूपासून धोका नाही. द्रवरूप नायट्रोजनच्या प्रात्यक्षिकात गोठलेल्या केळ्याने खिळा ठोकतात, फूल काचेसारखे फोडतात आणि हात सांभाळायला सांगतात. थंडीचा धोका कळतो, हवेचा राहून जातो. लाव्हाझिएने या वायूला ‘अझोट’ म्हटले होते, म्हणजे ज्यात जीव तगत नाही असा. आपल्या धड्यातून नेमका हाच अर्थ गळाला आहे.

अमरावती-अकोल्याच्या मुलांना हा विषय दूरचा नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेले वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. पशुवैद्यकीय दवाखान्यातले अरुंद मानेचे ॲल्युमिनियमचे भांडे त्यासाठीच असते. त्याचे झाकण मुद्दाम सैल ठेवलेले असते. घट्ट बसवले तर आतल्या वायूच्या दाबाने भांडे फुटेल. म्हणजे वायू खोलीत येत राहणारच.

किती येतो? एक लिटर द्रवापासून सुमारे ७०० लिटर वायू होतो. चांगल्या भांड्यातून दिवसभरात थोडाच द्रव उडतो. वारा खेळणाऱ्या खोलीत त्याची भीती नको. धोका असतो तो भांडे भरताना, ते कलंडल्यावर किंवा त्याच्या दुहेरी भिंतीतली निर्वात पोकळी बिघडल्यावर. समजा, खोली ३ मीटर लांब, तितकीच रुंद आणि उंच आहे. तिच्यात २७,००० लिटर हवा मावते. १० लिटर द्रव सांडला, तर ७,००० लिटर वायू तितकीच हवा फटींतून बाहेर ढकलेल. उरलेल्या २०,००० लिटर हवेत ऑक्सिजन ४,२०० लिटर, म्हणजे खोलीच्या मानाने साडेपंधरा टक्के. १९.५ टक्क्यांखालची हवा असुरक्षित मानतात. शिवाय थंड वायू जड असल्याने जमिनीलगत साचतो. तिथे प्रमाण आणखी कमी असते.

पण गुदमरायला लागले की माणूस बाहेर पळेलच ना? इथेच खरा घात आहे. जीव घुसमटल्याची जाणीव प्रामुख्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. नायट्रोजनने भरलेल्या खोलीत तो उच्छ्वासावाटे नेहमीप्रमाणे बाहेर पडत राहतो. धाप लागत नाही, वास येत नाही, खोकला येत नाही. ऑक्सिजन जवळजवळ नसेल, तर एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते. पांढऱ्या धुक्यावरही विसंबू नये. ते हवेतल्या बाष्पाचे असते, आणि वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते विरळच दिसेल.

त्याच मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि आपण दारे-खिडक्या लावून घेतो. माणसांच्या खोलीला ते ठीक. नायट्रोजनच्या खोलीला नाही. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत आणतो, घरगुती एसी बहुधा आतलीच हवा फिरवतो. म्हणून खोली गार आहे याचा अर्थ ती हवेशीर आहे, असा होत नाही.

२८ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, गेन्सव्हिल येथील कोंबडीचे मांस गोठवणाऱ्या कारखान्यात द्रवरूप नायट्रोजन गळून ६ कामगार दगावले. काय झाले ते पाहायला आणि सहकाऱ्यांना वाचवायला धावलेलेही त्या खोलीत सापडले. आपल्याकडे विषारी हवेच्या विहिरीत एकामागून एक माणसे उतरतात, तोच हा प्रकार.

उपाय महागडे नाहीत. जमिनीलगत आणि वर समोरासमोर झरोके, दाराबाहेर वाचता येईल असा ऑक्सिजनमापक, भांडे भरताना उघडे दार आणि बाहेर उभा दुसरा माणूस. आत कोणी पडलेला दिसला, तर आधी मदत बोलवावी. श्वसनसाधन असलेल्यानेच आत शिरावे.

शिक्षकांनी एवढे करावे: वरचे गणित फळ्यावर सोडवून घ्यावे, मग मुलांना जवळच्या दवाखान्यात नेऊन भांड्याच्या खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजू द्यावी आणि झरोके शोधू द्यावेत. ‘नायट्रोजन विषारी नाही’ हे वाक्य खोडायचे नाही. त्यापुढे ‘पण तो ऑक्सिजनची जागा घेतो’ एवढे जोडायचे आहे.