सात थर व मराठी अक्षर

संगणकांच्या परस्पर संभाषणाचे नियम, ज्यांस प्रोटोकॉल म्हणतात, ते शिकवितांना महाविद्यालयांतून सात थरांची एक मांडणी पढविली जाते. तिची परीक्षा वाङ्मयीन मासिकांत कशासाठीं, असें कांहीं वाचकांस वाटेल. कारण हें कीं, तिच्यांतील एका थराशीं आपल्या लिपीचें हिताहित निगडित होतें, आणि नेमका तोच थर व्यवहारानें गाळला.

ही मांडणी समजण्यास छत्रपती संभाजीनगरांतील पाणचक्कीसारखा दाखला नाहीं. दूरच्या डोंगरांतील पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून येई, उंचावरून चाकाच्या पात्यांवर पडे, व त्या बळानें जातें फिरे. नळ घालणारास पिठाची माहिती नको, दळणारास उगमाची नको. प्रत्येकानें लगतच्याशीं ठरलेला करार पाळला म्हणजे झालें. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनें १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आराखड्याचें मर्म हेंच आहे. तळचा थर तारेवरून केवळ खुणा नेतो. दुसरा लगतच्या दोन यंत्रांमधील चुका पकडतो. तिसरा पत्ता पाहून वाट ठरवितो. चौथा हरवलेले तुकडे पुन्हा मागवून क्रमानें लावतो. पांचवा संभाषणाचा आरंभ व शेवट सांभाळतो. सहावा मजकुराचें रूप ठरवितो. सातवा वापरणाराच्या प्रत्यक्ष कामास भिडतो. या मांडणीचा गुण मोठा आहे. तारेच्या जागीं बिनतारी लहरी आल्या, तरी वरच्या थरांस आपला क्रम बदलावा लागला नाहीं.

परंतु आराखडा व चालतें जाळें या दोन वस्तु एक नव्हेत, आणि हा भेद विद्यार्थ्यांस पुरेसा सांगितला जात नाहीं, असा आमचा आक्षेप आहे. सर्फ व कान यांनीं १९७४ सालीं ज्या नियमांचा पाया घातला, ते अमेरिकेच्या अर्पानेटनें १ जानेवारी १९८३ रोजीं स्वीकारले. त्यांत थर सामान्यतः चारच मोजतात. पांचव्या व सहाव्यास स्वतंत्र स्थान नाहीं. आपल्याकडे १९८६ सालीं आरंभिलेल्या अर्नेटवर, ज्यांत मुंबईची आय. आय. टी. व राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हीं सामील होतीं, प्रथम दोन्ही पंथांचे नियम चालत. १९९५ नंतर जवळजवळ सारी वाहतूक या चार थरांच्या पंथानेंच होऊं लागली. तो साधेपणाचा विजय होता, व त्याविषयीं आमची तक्रार नाहीं.

तक्रार आहे ती सहाव्या थराची. कोणत्या अंकास कोणतें अक्षर समजावयाचें, हा करार दोन्ही टोकांनीं तेथें करावयाचा होता. तो थर गेला, आणि हें काम ज्याचें त्यानें करावें असें झालें. रोमन लिपीस त्याची फारशी झळ लागली नाहीं. इंग्रजीचा संकेत पूर्वींच ठरून गेला होता. मराठीसाठींही इस्की हें भारतीय मानक १९९१ सालीं झालें. परंतु फॉन्ट करणारे आपापल्या वाटेनें गेले. एका फॉन्टांत लिहिलेलें पत्र दुसऱ्या यंत्रावर निरर्थक खुणांचा ढीग होऊन उतरे. खालचे थर आपलें काम चोख बजावीत. एकही तुकडा हरवत नसे. हरवे तो अर्थ!

ही उणीव पुढें युनिकोडनें भरून काढली. त्यानें १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास निश्चित अंक दिला, व १९९२ सालीं रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीनें ते अंक वाहून नेण्याची सोय केली. आज ‘औरंगाबाद’ या नांवाचीं ८ चिन्हें २४ बाइट होऊन जातात, आणि २०२३ सालीं शहरास मिळालेलें ‘छत्रपती संभाजीनगर’ हें नांव मधल्या मोकळ्या जागेसह ४९ बाइट होऊन जातें. वाटेंतील थरांस दोन्ही नांवें सारखींच. त्यांचा अर्थ टोकांवरच्या माणसांस.

गाळलेला थर नाहींसा होत नसतो. त्याचें काम कोणास तरी करावेंच लागतें, आणि कोणीं न केल्यास दंड भरावा लागतो तो ज्या लिपीमागें बळ थोडें तिला. म्हणून सात नांवें पाठ करवून घेणाऱ्या शिक्षकांस आमची एवढीच सूचना आहे कीं, सहाव्या थराचें काम आज कोण करतो, हा प्रश्न परीक्षेंत एकदां तरी घालावा.