लेबलवरचं लिमोनीन आणि तीर्थपुरीची मोसंबी : एका रिव्ह्यू पेपरची उलटतपासणी



आजची पोस्ट सिनॉप्सिसच्या तयारीत असलेल्यांसाठी आहे, पण सुरुवात घरापासून करते.

दिवाळीत तीर्थपुरीला गेले होते. आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, गुडघेदुखीनं बेजार. वर झोप उडालेली. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी ‘विजया’च्या अर्काचं तेल मागवलं होतं. विजया म्हणजे भांगेचं झाड. आयुर्वेदात हेच नाव चालतं. मी पोचले तशी त्यांनी बाटली पुढे केली.

“हे बघ गं माय, तू केमिस्ट्रीची ना? यावर काय लिहिलंय ते सांग.”

लेबलवर दोन ओळी होत्या. मर्सीन : शांत झोप. लिमोनीन : प्रसन्न मन. मी म्हटलं, “तात्या, हे लिमोनीन तर आपल्या मोसंबीच्या सालीत असतं.”

“मंग पैसे देऊन कामून घ्यायचं? साली तर आपण उकिरड्यावर टाकतो.”

मी हसले. पण नीट विचार केला तर हाच प्रश्न एखाद्या रेफरीनं विचारला असता आणि मला उत्तर देता आलं नसतं. म्हणून परत आल्यावर त्या दोन ओळींचा माग काढला. तो माग म्हणजेच ही पोस्ट.

आधी दावा समजून घेऊ

टर्पीन ही वनस्पतींमधली उडून जाणारी, वासाची संयुगं. मोसंबीची साल दाबली की जो फवारा उडतो त्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. मिऱ्यात कॅरिओफिलीन असतं, लॅव्हेंडरमध्ये लिनालूल. भांगेच्या झाडात ही सगळी थोडी थोडी असतात. नशा आणणारा टीएचसी आणि नशा न आणणारा सीबीडी हे मात्र वेगळे. त्यांना कॅनाबिनॉइड म्हणतात.

जिथे गांजा कायदेशीर आहे, म्हणजे कॅनडात २०१८ पासून, अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २०१४ पासून, तिथे दुकानात वाण निवडताना टर्पीनचा तक्ता बघा असा सल्ला सर्रास दिला जातो. झोप हवी तर मर्सीनवाला, मन हलकं हवं तर लिमोनीनवाला. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानं गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे आणि फळांचे शेंडे, बंदी आहे. शेंड्यांपासून वेगळी केलेली पानं आणि बिया मात्र त्या व्याख्येत येत नाहीत. त्याच फटीतून भांग आणि विजयाची औषधं चालतात. म्हणजे तात्यांना वाण निवडायचाच नव्हता. तरीही परदेशी दुकानातला तो सल्ला लेबलवर बसून थेट घनसावंगी तालुक्यात पोचला.

माग कुठे जातो

या विषयावर कुठलाही लेख उघडा, एक संदर्भ हमखास सापडतो : इथन रुसो यांचा २०११ चा ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’मधला रिव्ह्यू. टर्पीन आणि कॅनाबिनॉइड एकत्र आले की परिणाम बदलतो, हा त्याचा गाभा. याला ‘आँतुराज इफेक्ट’ म्हणतात. आपण ‘गोतावळ्याचा परिणाम’ म्हणू.

आता हा शब्द मुळात कुठला? १९९८ मध्ये बेन-शबात, मेशुलाम आणि सहकाऱ्यांनी तो वापरला, तो शरीरात तयार होणाऱ्या २-एजी नावाच्या रेणूसाठी. त्याच्यासोबत असणारे, स्वतः निष्क्रिय असलेले मेदाम्लांचे एस्टर त्याचा परिणाम वाढवतात, एवढंच तिथलं निरीक्षण होतं. त्या प्रयोगात भांगेतले टर्पीन नव्हतेच. शब्द प्राण्यांच्या शरीरातून वनस्पतीत आला आणि येताना पुरावा मागे राहिला.

रुसोंवर मात्र अन्याय नको. त्यांनी शीर्षकातच ‘संभाव्य’ हा शब्द घातला आहे. आपण एका औषध कंपनीचे वैद्यकीय सल्लागार आहोत हेही त्यांनी जाहीर केलं आहे. रिव्ह्यू म्हणून तो झकास आहे. विखुरलेलं साहित्य एका तक्त्यात आणलं आहे. घोटाळा होतो तो तक्त्यामुळेच. डाव्या रकान्यात टर्पीन, उजव्या रकान्यात गुणधर्म आणि संदर्भ. वाचणारा दोन रकाने उचलतो आणि संदर्भ तिथेच सोडतो.

आपण संदर्भ उघडू.

लिमोनीन : प्रसन्न मन

मन प्रसन्न होतं याचा माणसांवरचा आधार म्हणून रुसो १९९५ चा कोमोरी आणि सहकाऱ्यांचा जपानी अभ्यास देतात. नैराश्याच्या १२ रुग्णांच्या खोलीत लिंबूवर्गीय सुगंध सोडला. त्यातल्या ९ जणांची नैराश्याची औषधं नंतर बंद करता आली.

ऐकायला भारी वाटतं. आता वहीत लिहा : रुग्ण १२. दिला तो सुगंध, भांग नव्हे. टीएचसीचा संबंध नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे वास लपवता येत नाही. खोलीत संत्र्याचा घमघमाट आहे की नाही हे रुग्णालाही कळतं आणि नर्सलाही. म्हणजे ब्लाइंडिंग करणं फार अवघड. टर्पीनच्या कुठल्याही मानवी अभ्यासाला हा प्रश्न पहिला विचारा.

या बारा माणसांच्या खोलीपासून तात्यांच्या बाटलीपर्यंत मधे काय झालं बघा. अभ्यासात होतं ‘असं दिसलं’. रिव्ह्यूत झालं ‘असं असू शकेल’. लेबलवर उरलं ‘प्रसन्न मन’. दर टप्प्यावर एक क्रियापद गळालं, आणि शेवटी क्रियापदच राहिलं नाही.

मर्सीन : शांत झोप

इथला आधार २००२ चा, डो व्हाले आणि सहकाऱ्यांचा, उंदरांवरचा. मर्सीन दिलेले उंदीर बार्बिट्युरेटच्या गुंगीत जास्त वेळ झोपले. मात्रा होती दर किलो वजनाला २०० मिलिग्रॅम, तीही पोटात टोचून.

आता कागद-पेन घ्या. उंदराची मात्रा माणसाला लावताना ढोबळमानानं १२.३ ने भागतात. २०० भागिले १२.३ म्हणजे किलोला सुमारे १६ मिलिग्रॅम. तात्यांचं वजन ६० किलो धरा. झाले जवळपास ९७५ मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमच. तात्या घेतात अर्धा मिलिलिटर तेल. त्यात मर्सीन एक टक्का आहे असं उदारपणे धरलं, तरी पोटात जातं ५ मिलिग्रॅम. फरक दोनशेपटीच्या आसपास.

‘धरलं’ म्हणावं लागलं, कारण लेबलवर टर्पीनची नावं होती, आकडा नव्हता. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. मात्रा न देता परिणाम सांगणं म्हणजे खताच्या गोणीवर ‘भरघोस पीक’ छापायचं आणि नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण मात्र द्यायचं नाही.

उंदरांवरचा अभ्यास निरुपयोगी, असं मी म्हणत नाही. तो दिशा दाखवतो. पण तिथे मर्सीनसोबत बार्बिट्युरेट होतं, टीएचसी नव्हतं, आणि रस्ता सुईचा होता. रेणू कोणता, किती, कुठून आणि कोणाच्या शरीरात, या चारही प्रश्नांची उत्तरं तात्यांच्या बाबतीत वेगळी आहेत. रेणूचं नाव काय ते जुळलं.

२०११ नंतर काय झालं

गृहीतक मांडलं गेलं की त्याची परीक्षा व्हायला हवी, आणि ती झाली. २०१९ मध्ये सांतियागो आणि सहकाऱ्यांनी सहा टर्पीन घेऊन मानवी सीबी-१ आणि सीबी-२ रिसेप्टरवर तपासले. एकट्यानं काही नाही, टीएचसीच्या परिणामातही फरक नाही. शीर्षकातच त्यांनी गोतावळा गैरहजर असल्याचं सांगून टाकलं. उलट बाजूला, २००८ मध्ये गेर्च आणि सहकाऱ्यांनी कॅरिओफिलीन सीबी-२ वर बसतं असं दाखवलं होतं. २०२१ मध्ये लाव्हीन्य आणि सहकाऱ्यांना उंदरांत काही टर्पीनचा परिणाम कॅनाबिनॉइडमध्ये भर घालताना दिसला. भर, म्हणजे बेरीज. रुसोंच्या शीर्षकातला शब्द मात्र ‘सिनर्जी’ होता, म्हणजे बेरजेपेक्षा जास्त. हा फरक तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

माणसांवरचा नीट बांधलेला प्रयोग आला २०२४ मध्ये, जॉन्स हॉपकिन्सच्या स्पिंडल आणि सहकाऱ्यांचा. २० निरोगी माणसं, दुहेरी ब्लाइंड रचना, टीएचसी आणि लिमोनीन वाफेतून. टीएचसीनं येणारी अस्वस्थता आणि संशयीपणा लिमोनीननं कमी झाला. मी हा पेपर आनंदानं वाचला. पण ठळक परिणाम कुठे दिसला? ३० मिलिग्रॅम टीएचसीसोबत १५ मिलिग्रॅम लिमोनीन होतं तिथे, आणि ती जोडी फक्त १२ जणांनी घेतली होती.

पुन्हा कागद-पेन. हे प्रमाण दोनास एक. फुलात टीएचसी २० टक्के असेल, तर लिमोनीन १० टक्के लागेल. फुलात सगळे टर्पीन मिळून साधारण १ ते ३ टक्के असतात. म्हणजे हा प्रयोग ‘वेगळं काढलेलं लिमोनीन औषध म्हणून उपयोगी पडू शकेल’ याचा पुरावा आहे. ‘लिमोनीनवाला वाण निवडा’ याचा नाही. एकच पेपर, पण त्याला साखळीत कुठे बसवायचं हे आपल्याला ठरवावं लागतं.

मग टर्पीन बघूच नये का?

तसं नाही. दुसरा पर्याय काय आहे तेही बघा. दुकानं ‘इंडिका’, ‘सॅटिव्हा’ अशी नावं लावतात. २०२२ मध्ये स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा राज्यांतले सुमारे ९० हजार नमुने तपासले. ही नावं आणि आतली रसायनं यांचा मेळ बसला नाही. त्याआधी २०१९ मध्ये श्वाबे आणि मॅकग्लॉलिन यांना एकाच नावानं विकल्या जाणाऱ्या वाणांत जनुकीय फरक सापडले होते. नावापेक्षा टर्पीनचा तक्ता नक्कीच खरा. तो ‘या डब्यात काय आहे’ हे सांगतो. ‘याने तुला काय होईल’ हे सांगत नाही. पहिलं उत्तर जीसी-एमएस देतं, दुसरं देत नाही. मी रोज त्या मशीनवर तेलं चालवते म्हणून सांगते, पीक कितीही सुंदर आला तरी तो झोपेबद्दल काहीही बोलत नाही.

शिवाय टर्पीन टिकतातही कमी. १९९६ च्या रॉस आणि एलसोहली यांच्या अभ्यासात ताजी फुलं आठवडाभर वाळवल्यावर सुगंधी तेल सुमारे ३१ टक्क्यांनी घटलं, आणि तीन महिन्यांच्या साठवणुकीनंतर निम्म्याहून जास्त गेलं. मग आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या बाटलीचं काय होत असेल?

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी

“लिमोनीन नैराश्यविरोधी आहे (रुसो, २०११)” अशी वाक्यं मी मित्रमैत्रिणींच्या मसुद्यांत पाहिली आहेत. माझ्या स्वतःच्या पहिल्या मसुद्यातही होतं, गाइडनं लाल पेननं फक्त “कोणात? किती?” एवढंच लिहून परत दिलं होतं. त्या वाक्यात खोटं काही नाही, पण त्यात काहीच सांगितलेलं नाही. ते असं लिहा : “१२ रुग्णांच्या, टीएचसीविना झालेल्या एका अभ्यासात लिंबूवर्गीय सुगंधानंतर ९ जणांची औषधं बंद करता आली (कोमोरी आणि सहकारी, १९९५).” वाक्य लांबलं, रुबाब गेला. पण रिसर्च गॅप आपोआप दिसायला लागली. तुमचा विषय तिथेच आहे.

रिव्ह्यू वाचू नका असं नाही. रिव्ह्यूतून रस्ता विचारा, संदर्भ मात्र मुक्कामावर जाऊन द्या.

राहिले तात्या. फोनवर हे सगळं जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले, “पण मला झोप तर लागायली थोडी.” मी म्हटलं, लागत असेल; अर्कात इतर घटक आहेत, आणि विश्वासाचाही भाग असतो. ते मर्सीनमुळेच, असं मात्र मला म्हणता येणार नाही. बीपीच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा बाटली डॉक्टरांना दाखवा, एवढं वचन घेतलं.

“दाखवतो,” म्हणाले. मग थोडं थांबून, “पुढची बाटली मागवू का नको, ते सांग.”

मी सांगितलं, आधी कंपनीला विचारा, मर्सीन किती आहे. आकडा आला तर मला पाठवा.

अजून आलेला नाही.