कॅनडा : जहाल की मवाळ?

कॅनडाचे लोक स्वभावाने कसे, या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले उत्तर जगाला पाठ झाले आहे. धक्का तुमचा लागला तरी 'सॉरी' तेच म्हणतील, रांग मोडणार नाहीत, आवाज चढवणार नाहीत. दुसरे उत्तर लष्करी इतिहास वाचणाऱ्यांकडून येते. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या पलटणींनी मिळवलेला दरारा पाहा आणि बर्फावरच्या हॉकीतली हाणामारी पाहा, म्हणजे हे लोक किती उग्र आहेत ते कळेल, असे ते म्हणतात. दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत. त्यामुळे वाद संपत नाही. प्रस्तुत लेखात कोणते पारडे जड हे ठरवायचे नाही. हा प्रश्न नीट मांडला गेला आहे का, एवढेच कॅनडाच्या साहित्याच्या आणि समीक्षेच्या आधारे तपासायचे आहे.

त्यासाठी मराठीतले दोन शब्द उपयोगी पडतात. १९०७च्या सुरत काँग्रेसच्या सुमारास जहाल आणि मवाळ हे शब्द आपल्याकडे राजकीय अर्थाने रुळले. एखादा मवाळ पुढारी घरात तापट असू शकत होता आणि एखादा जहाल पुढारी बोलायला अत्यंत मृदू. अर्ज, ठराव, शिष्टमंडळ ही एक रीत. बहिष्कार आणि चळवळ ही दुसरी. शब्द रीतीचे होते, रागलोभाचे नव्हते. कॅनडाबद्दल बोलताना आपण ही साधी गोष्ट विसरतो. तिथल्या कारभाराची रीत मवाळ आहे. तिच्यावरून आपण माणसांचा स्वभाव ठरवतो, आणि त्या रीतीने काय काय घडवले हे पाहायचे राहून जाते.

आधी दोन्ही बाजूंचा हुकमी पुरावा पाहू. एप्रिल १९१७मध्ये फ्रान्समधल्या विमी टेकडीवर कॅनडाच्या चारही डिव्हिजन पहिल्यांदाच एकत्र लढल्या. चार दिवसांत सुमारे ३,६०० सैनिक मेले आणि सुमारे ७,००० जखमी झाले. टेकडी घेतली गेली. या सैन्याचा सेनापती होता ज्युलियन बिंग हा इंग्रज. पुढे १९२१मध्ये तो कॅनडाचा गव्हर्नर जनरल झाला आणि त्याच्या पत्नीला हॉकीचे वेड लागले. १९२५मध्ये लेडी बिंग यांनी नॅशनल हॉकी लीगला एक चषक दिला. तो उत्तम खेळाबरोबर सभ्य वर्तन करणाऱ्या खेळाडूसाठी आहे आणि त्यांच्या नावाने आजही दिला जातो. म्हणजे उग्रपणाचा सर्वांत मोठा दाखला आणि सभ्यपणाचे बक्षीस, दोन्ही एकाच घरातून आले.

त्याच लीगमध्ये मारामारी करणाऱ्याला पाच मिनिटे बाहेर बसवतात आणि मग पुन्हा खेळायला सोडतात. मारामारीला बंदी आहे असेही नाही, मोकळीक आहे असेही नाही. तिला वेळापत्रक आहे. विमीवरही असेच दिसते. तो विजय वेड्या धाडसाने मिळालेला नव्हता. त्यामागे नकाशे होते, पुन्हा पुन्हा केलेली रंगीत तालीम होती, तोफांचे मिनिटामिनिटाला आखलेले गणित होते. १९३६मध्ये तिथे उभारलेल्या स्मारकाची मध्यवर्ती मूर्ती मान खाली घातलेल्या, शोक करणाऱ्या स्त्रीची आहे. उग्र की मवाळ या दोन खणांत हे बसत नाही. दोन्हीकडे समान दिसतो तो नियम.

नियमाचे हे स्थान राज्यघटनेतही आहे. १८६७च्या ज्या कायद्याने कॅनडाचे संघराज्य जन्माला आले, त्यात संसदेला अधिकार दिले आहेत ते 'शांतता, सुव्यवस्था आणि सुशासन' यांसाठी. अमेरिकेच्या १७७६च्या जाहीरनाम्यातले जीवित, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध यांच्या शेजारी हे शब्द ठेवून दोन देशांच्या स्वभावातला फरक सांगण्याची प्रथा पडली आहे. तुलना आकर्षक आहे, पण तिच्यावर फार भार टाकता येत नाही. कारण ही शब्दावली कॅनडाची खास नाही. ब्रिटिश वसाहतींच्या कायद्यांतला तो ठरीव साचा होता. हिंदुस्थानातही गव्हर्नर जनरलला वटहुकूम काढता येत ते 'शांतता आणि सुशासन' यांसाठीच. १९३०मध्ये सोलापुरात मार्शल लॉ आला तो अशाच वटहुकुमाच्या आधाराने. शांतता हा शब्द वरून येतो तेव्हा खाली तो कसा ऐकू येतो, हे सोलापूरला वेगळे सांगावे लागणार नाही.

आता समीक्षेकडे वळू. कॅनडाच्या मनाची सर्वांत प्रभावी मांडणी नॉर्थ्रप फ्राय यांनी केली. कॅनडाच्या साहित्याच्या बृहद् इतिहासाला १९६५मध्ये लिहिलेल्या समारोपात त्यांनी एक कल्पना मांडली. तिला मराठीत 'गढीची मनोवृत्ती' म्हणता येईल. अफाट, निर्दय निसर्गात विखुरलेल्या लहान लहान वस्त्या. बाहेर रान आणि हिमवादळ, आत मोजकी माणसे. अशा गढीत कायदा आणि शिस्त यांना असाधारण मोल येते, कारण तेवढ्यावरच सगळे तग धरून असतात. बाहेरच्या शत्रूपेक्षा आतली फूट अधिक भयंकर वाटते. फ्राय यांच्या विद्यार्थिनी मार्गारेट ॲटवुड यांनी १९७२मध्ये 'सर्व्हायव्हल' या पुस्तकात हीच वाट पुढे नेली. अमेरिकेच्या साहित्याचे मध्यवर्ती प्रतीक सरहद्द, इंग्लंडचे बेट, तर कॅनडाचे तगून राहणे, असे त्यांनी म्हटले. कॅनडाचा लेखक जिंकणाऱ्याची कथा सांगत नाही, वाचलेल्याची सांगतो. आणि या देशाने स्वतःकडे बळी म्हणून पाहण्याची सवय लावून घेतली आहे.

या दोन्ही मांडण्यांनी कॅनडाला स्वतःचे साहित्य वाचायला शिकवले, यात शंका नाही. पण गढीचे रूपक गढीच्या आतून रचलेले आहे. तटावरून दिसणाऱ्या रानात माणसे राहत होती. त्यांच्या दृष्टीने ते रान नव्हते, गाव होते. ॲटवुड यांच्या पुस्तकात मूळनिवासींवर एक प्रकरण आहे, पण ते गोऱ्या लेखकांनी त्यांना प्रतीक म्हणून कसे वापरले याविषयी आहे. तो विषय त्यांनी प्रामाणिकपणे घेतला. तरी तटाबाहेरून गढी कशी दिसते हा प्रश्न तसाच राहतो. देश स्वतःला बळी समजत असेल, तर त्याच्या हातून बळी गेलेल्यांचा हिशेब कोण मांडणार?

तटाच्या दोन्ही बाजूंचा संबंध ज्याच्या एकट्याच्या आयुष्यात दिसतो असा कवी कॅनडाच्या साहित्यात आहे. डंकन कॅम्पबेल स्कॉट (१८६२ ते १९४७). हळुवार निसर्गकविता, संगीताची आवड, मित परिष्कृत भाषा, यांसाठी त्यांचा गौरव झाला. 'द ओनोंडागा मॅडोना' या १८९८च्या सुनीतात बाळाला घेतलेली एक मूळनिवासी स्त्री आहे. तिचा वंश मावळत चालला आहे, अशी खंत कवितेत आहे. हाच कवी १८७९मध्ये, सतराव्या वर्षी, सरकारच्या इंडियन खात्यात कारकून म्हणून लागला, आणि १९१३ ते १९३२ त्या खात्याचा सर्वोच्च अधिकारी होता. १९२०मध्ये मूळनिवासी मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे करणारी दुरुस्ती झाली ती त्याच्याच कारकिर्दीत. मूळनिवासी हा वेगळा समाज म्हणून उरूच नये, हे धोरण त्याने संसदेच्या समितीपुढे स्वच्छ शब्दांत सांगितले. कवितेत जे मावळणे दैवाधीन वाटते, ते कचेरीत रोजचे काम होते.

त्या निवासी शाळांतून दीड लाखाहून अधिक मुले गेली. आईबापांपासून तोडलेली, स्वतःची भाषा बोलली तर शिक्षा होणारी. सत्यशोधन आणि सलोखा आयोगाने २०१५मध्ये या धोरणाला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले आणि ३,००० हून अधिक मुलांच्या मृत्यूंची नोंद केली. हे करणाऱ्यांत क्रूर माणसे नव्हती असे नाही. पण एवढी मोठी यंत्रणा शंभराहून अधिक वर्षे चालते ती संतापावर चालत नाही. ती चालते परिपत्रकांवर, अनुदानाच्या हिशेबावर, निरीक्षकांच्या अहवालांवर. स्कॉट रागीट होते की शांत, याने मुलांना काहीच फरक पडला नाही.

मवाळ भाषेतल्या कठोरपणाचे याहून नेमके उदाहरण भारतीयांच्या वाट्याला आले. १९०८मध्ये कॅनडाने एक नियम केला : स्थलांतरिताने आपल्या देशातून थेट, सलग प्रवास करून आले पाहिजे. त्यात भारताचे नाव नाही, वर्णाचा उल्लेख नाही. मात्र भारतातून कॅनडाला थेट बोट जात नव्हती. हा नियम ओलांडण्यासाठी गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेली 'कोमागाटा मारू' २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरच्या बंदरात पोचली. ३७६ उतारूंपैकी जेमतेम २४ जणांना उतरू दिले. दोन महिने बोट तशीच उभी होती. शेवटी युद्धनौका आणून तिला परत धाडले. कोलकात्याजवळ बजबज येथे उतरताना ब्रिटिश सरकारच्या गोळीबारात सुमारे वीस जण मेले. गोळ्या कॅनडाने झाडल्या नाहीत. त्याने फक्त नियम पाळला.

इथे वाचकाच्या ओठांवर 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण येईल. माझ्या मते ती इथे लागू पडत नाही. ढोंगात वरचे खोटे आणि आतले खरे असते. इथे वरचेही खरेच आहे. तो कारकून खरोखर सभ्य होता, तो नियम खरोखर शांतपणे लिहिलेला होता. ढोंग म्हणून हात झटकले की आपण पुन्हा स्वभावाकडेच जातो, फक्त सौम्यऐवजी दांभिक म्हणतो. शिवाय आणखी एक गोष्ट डोळ्यांआड होते : ज्या कागदाने हे केले, त्याच कागदाने ते उघडही केले.

डॉ. पीटर ब्राइस हे त्याच इंडियन खात्याचे वैद्यकीय अधिकारी होते. १९०७मध्ये त्यांनी प्रेअरी प्रांतांतल्या शाळांची तपासणी करून क्षयाने होणाऱ्या मृत्यूंचे भयानक प्रमाण आकड्यांत मांडले. त्यांच्या सूचना बाजूला ठेवल्या गेल्या. निवृत्तीनंतर १९२२मध्ये त्यांनी स्वतः पुस्तिका काढली आणि तिच्या शीर्षकातच या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटले. ब्राइस यांनी गढी सोडली नाही की बंड केले नाही. त्यांनी अहवाल लिहिला. आज आयोगाच्या निष्कर्षांमागे वाचलेल्या हजारो माणसांच्या साक्षी आहेत आणि त्यांच्या शेजारी अशा नोंदी आहेत.

हीच गोष्ट कादंबरीच्या पातळीवर जॉय कोगावा यांनी 'ओबासान'मध्ये (१९८१) केली आहे. १९४२मध्ये सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना पॅसिफिक किनाऱ्यावरून हलवले गेले. त्यांच्यातले बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. त्यांची घरे, होड्या, शेते सरकारने विकली, आणि १९४९पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतता आले नाही. कादंबरीत दोन मावश्या-काकू आहेत. ओबासान गप्प राहते. एमिली कागद जमवते, पत्रे, कात्रणे, अर्ज. मध्ये निवेदिका नाओमी. सौम्यपणा इथे सोसणाऱ्यांच्या बाजूलाही आहे, आणि तो किती महाग पडतो हे ओबासानच्या मौनात दिसते. कादंबरीचा शेवट मात्र नाओमीच्या भावनेवर होत नाही. तो होतो १९४६मध्ये संसदेला पाठवलेल्या एका निवेदनातल्या उताऱ्यावर. काही वाचकांना तो शेवट कोरडा वाटतो. मला तो या कादंबरीचा सर्वांत धीट निर्णय वाटतो. ज्या रीतीने माणसे हलवली, त्याच रीतीने लिहिलेला निषेध शेवटचा शब्द म्हणून उभा राहतो. १९८८मध्ये सरकारने माफी मागितली आणि भरपाई दिली, ती अशा कागदांच्या चिकाटीमुळेही.

मग त्या प्रसिद्ध 'सॉरी'चे काय? ऑन्टारियो प्रांताने २००९मध्ये कायदाच केला की माफी मागणे हा न्यायालयात चुकीचा पुरावा धरला जाणार नाही. माफीलाही नियम मिळाला. पण तिची किंमत कोणाला नीट कळते ते पाहा. कोमागाटा मारूबद्दल २००८मध्ये पंतप्रधानांनी एका मेळाव्यात व्यासपीठावरून माफी मागितली, तेव्हा शीख समाजातल्या अनेकांनी ती नाकारली. माफी हवी तर संसदेत हवी, नोंदीवर हवी. ती २०१६मध्ये संसदेत मिळाली. गढीबाहेर ठेवलेल्यांच्या वंशजांना गढीची रीत आतल्यांपेक्षा चांगली समजली होती. कॅनडाचे 'सॉरी' तोंडातून येते तेव्हा तो शिष्टाचार असतो. दप्तरी दाखल होते तेव्हाच त्याला वजन येते.

तेव्हा कॅनडा जहाल की मवाळ? रीतीने मवाळ, हे मान्य करावे. त्यावरून माणसांच्या अंतःकरणाविषयी काही सिद्ध होत नाही. मवाळ रीतीने शाळा चालवल्या, बोट परतवली, घरे विकली. त्याच रीतीने त्याची मोजदादही झाली, पण फार उशिरा आणि सोसणाऱ्यांनी रेटल्यावर. राष्ट्रांचे स्वभाव ठरवण्याचा धोका हाच आहे. क्रौर्य म्हटले की आपण लालबुंद चेहरा शोधतो, आणि तो दिसला नाही की निश्चिंत होतो. एखादा देश सौम्य आहे असे कोणी सांगितले, तर त्याच्या माणसांच्या बोलण्याआधी त्याची दप्तरे वाचावीत, आणि त्या दप्तरांत ज्यांची नावे चुकीची लिहिली गेली त्यांना विचारावे.